नववीतल्या मुलीने शाळेत लघवी काढण्याची नळी घालणे बंद केले आहे. तिच्याशी कसे बोलावे?

कृष्णाकाठ | १२ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि यंदा नववीत गेली. जन्मतःच तिच्या पाठीच्या खालच्या भागावर गाठ होती. स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा गर्भातच पूर्ण न मिटणे, असे निदान झाले, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि पुढे डोक्यात पाणी साठू लागल्याने ते काढून देणारी बारीक नळी, म्हणजे शंटही बसवावा लागला. ती स्वतःच्या पायांनी चालते, डाव्या बुटात स्प्लिंट घालते आणि अभ्यासातही बरी आहे. मात्र मूत्राशयाच्या नसा नीट काम करत नसल्यामुळे लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, म्हणून दर चार तासांनी नळी घालून ती काढावी लागते. ती नऊ वर्षांची होईपर्यंत हे काम मी करत असे, त्यानंतर ती शिकली आणि इतकी सफाईने करू लागली की मला त्याचा विचारही करावा लागत नसे.

गेल्या चार महिन्यांत हे सगळे विस्कटले आहे. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत येते. नळीचा निळा पाउच दप्तराच्या तळाशी, भूगोलाच्या जुन्या वहीखाली, चेन न उघडलेला सापडतो. दोनदा थंडी वाजून ताप आला आणि दोन्ही वेळा लघवीत जंतुसंसर्ग निघाला. शाळेने तिला शिक्षिकांचे स्वच्छतागृह वापरण्याची परवानगी दिलेली आहे, पण त्याच्या दाराची कडी गेल्या वर्षापासून तुटलेली आहे, आणि आठवीत असताना बाहेर थांबलेल्या मुलींनी ‘तुला रोज एवढा वेळ का लागतो?’ असे विचारल्याचे तिने मला खूप उशिरा सांगितले.

गणपतीपुळ्याच्या सहलीला जायचे नाही, हे तिने आम्ही विचारण्याआधीच जाहीर केले. चित्रे काढणे थांबले आहे. शाळेतून आली की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. परवा मी पुन्हा ‘किती वेळा केलंस?’ असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘सगळ्यांना लघवी लागते, मला घड्याळ लागतं.’ त्यावर मला काहीच बोलता आले नाही.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण येथे मला कोणी ओळखत नाही. ती आंघोळीला गेली की मी तिचे दप्तर उघडून वास घेते. हे चुकीचे आहे, हे मला कळते.

हा वयाचा भाग आहे की तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे? शाळेत कोणाला आणि किती सांगावे? आम्ही कराडजवळ राहतो, वर्षातून दोनदा तपासणीसाठी मुंबईला जातो.

—

सदाफुली५५ | १३ जुलै, सकाळी ६:१५

ताई, या वयात मुली हळव्या होतातच, फार काळजी करू नका. गोखरूचा काढा आणि मूलबंधाचा (योगातल्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा) नियमित सराव यांनी मूत्राशयाला बळ येते, असा आमच्या घरातला अनुभव आहे. सहा महिने करून पाहा, कदाचित नळीची गरजच उरणार नाही.

—

वॉर्ड_सात | १३ जुलै, दुपारी ३:०५

सदाफुली५५, तुमचा हेतू चांगला आहे, परंतु येथे स्नायू अशक्त झालेला नाही, मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसाच जन्मतः सदोष आहेत, त्यामुळे सरावाने नळी सुटेल ही आशा त्या मुलीला दाखवू नये. सहा महिन्यांनी ती आशा फोल ठरते, तेव्हा ‘मीच नीट केले नाही’ असा अर्थ मुले लावतात, हे मी पाहिले आहे. मी मुलांच्या शल्यविभागात एकोणीस वर्षे परिचारिका म्हणून काम करते.

कृष्णाकाठ, मनाकडे वळण्यापूर्वी एक शारीरिक शक्यता तपासून घ्या. वयात येताना मुलींची उंची भराभर वाढते, आणि लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या जागी मज्जारज्जू व्रणाला चिकटलेला असेल तर तो ताणला जातो. मग पूर्वी दोन नळ्यांच्या मधल्या वेळात कोरडी राहणारी मुलगी अचानक ओली होऊ लागते, पाठ दुखते, पायाची ताकद किंवा चालण्याची ढब बदलते. अशा मुलीला घरचे ‘आळशी झाली’ म्हणतात आणि ती बिचारी स्वतःही तसेच समजते. तुमच्या मुलीला अलीकडे नळी वेळेवर घालूनही गळती होते आहे का, हे तिला एकटीला, आरोप न करता विचारले जायला हवे. डोके दुखणे, उलट्या किंवा सतत झोपाळूपणा असेल तर शंटसाठी लगेच दाखवा, त्यात दिरंगाई नको.

ती मूत्राशयाचा दाब कमी ठेवण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन घेत असेल, तर त्याने तोंडाला कोरड पडते आणि बद्धकोष्ठही वाढतो. शौचाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते आणि गळती वाढवते. म्हणजे ही मुलगी तहानलेली असूनही पाणी पीत नाही आहे. त्यामागे किती भीती असेल, याचा अंदाज यावरून करा.

शाळेचे स्वच्छतागृह घाण आहे म्हणून नळी न घालणाऱ्या मुली मला नेहमी भेटतात. त्यांना मी जॅक लॅपिडिस यांची गोष्ट सांगते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातल्या या मूत्ररोगतज्ज्ञांनी १९७२ साली असे मांडले की घरी नळी घालताना ती निर्जंतुक असण्याची गरज नाही, स्वच्छ असली तरी पुरते, कारण चार जंतू आत जाण्यापेक्षा मूत्राशय तुडुंब ताणलेले राहणे अधिक घातक आहे. ताणलेल्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना तेच हवे असते. साबणाने हात धुवा, नळी धुऊन कोरडी ठेवा आणि वेळ चुकवू नका, एवढेच पुरे. चौदा वर्षांच्या मुलीला ‘किडनी खराब होईल’ या धमकीपेक्षा हे कारण जास्त पटते, कारण त्यात तिला काहीतरी समजावून सांगितलेले असते.

—

सांजवारा | १३ जुलै, रात्री १०:२०

मी सत्तावीस वर्षांची आहे, नागपूरला वाढले आणि आता पुण्यात नोकरी करते. माझेही निदान तेच आहे. तुमच्या मुलीचे ते घड्याळाचे वाक्य वाचून मी लॅपटॉप मिटला आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडला.

आठवी ते दहावी मी शाळेत पाणी प्यायले नाही. डब्यात वरण असेल तर तेही टाकून देत असे. आई संध्याकाळी ‘किती वेळा?’ विचारायची आणि मी ‘दोनदा’ म्हणायचे. हे खोटे आहे हे तिला माहीत होते आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत होते, तरी आम्ही तीन वर्षे रोज हाच संवाद केला. त्या काळात माझ्या उजव्या मूत्रपिंडावर संसर्गाचे व्रण पडले, ते आजही आहेत. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मला किडनीचे सगळे माहीत होते, पण माझ्या दृष्टीने किडनी दहा वर्षांनी जाणार होती आणि वर्गातली इज्जत उद्या सकाळी.

नळी घालणे मला कधीच दुखले नाही, किळसही वाटली नाही. जड होते ते लपवणे: कोणत्या तासाला बाहेर जायचे, बाईंना काय सांगायचे, फ्रॉकला वास येतो का, मैत्रीण जवळ बसली तर किती सरकायचे, असा हिशेब दिवसभर डोक्यात चालतो आणि गणिताच्या तासाला गणितासाठी डोके उरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटते की मुलगी अबोल झाली. ती अबोल नसते, ती कामात असते.

दहावीच्या सुट्टीत वॉर्डात शेजारच्या खाटेवर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी एक मुलगी होती. तिने पर्समधून चष्म्याची केस काढली आणि उघडून दाखवली. आत नळी, जेलीची छोटी ट्यूब आणि दोन ओले रुमाल. ‘चष्मा आहे असं वाटतं ना?’ असे म्हणून ती हसली. त्यापूर्वी मी जगात दुसरी कोणी नळी वापरणारी मुलगी पाहिलीच नव्हती. डॉक्टर, परिचारिका आणि आई या तिघांच्या अनेक वर्षांच्या समजावण्याने जे झाले नाही, ते त्या केसने पाच मिनिटांत केले. पुढच्या तपासणीच्या वेळी वॉर्डातल्या ताईंना विचारून तुमच्या मुलीची अशा एखाद्या मोठ्या मुलीशी गाठ घालून द्या, आणि तुम्ही तेथून उठून चहा प्यायला जा.

सतराव्या वर्षी माझी मित्रोफानॉफ शस्त्रक्रिया झाली. पॉल मित्रोफानॉफ या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १९८० साली ती प्रसिद्ध केली. त्यात अपेंडिक्सचा एक बारीक मार्ग मूत्राशयापासून बेंबीपर्यंत आणतात आणि नळी बेंबीतून घालता येते, कपडे उतरवावे लागत नाहीत. मला तिचा फार उपयोग झाला. परंतु ती मोठी शस्त्रक्रिया आहे, पुढे तो मार्ग अरुंद होऊन पुन्हा टेबलावर जावे लागू शकते, आणि चार तासांचे घड्याळ त्यानंतरही राहतेच. मन खचलेले असताना ‘ऑपरेशन केले की सुटेल’ असा विचार करून तो निर्णय घेऊ नका.

शेवटचे एक लिहिते, संकोच वाटला तरी. तिच्या मनात लग्नाचा आणि मुलांचा प्रश्न आलेला असणार. माझ्या मनात चौदाव्या वर्षी आला आणि उत्तर एकविसाव्या वर्षी मिळाले, कारण कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. या आजारात बहुतेक मुलींची गर्भधारणेची क्षमता टिकून असते. फक्त आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक आम्लाची जास्त मात्रा घ्यावी लागते आणि गरोदरपणात देखरेख वाढवावी लागते. ती सात वर्षे मी उगाच स्वतःला बाद धरून काढली.

—

रत्नाकर_बाबा | १४ जुलै, सकाळी ८:५०

मी मुलाचा बाप म्हणून लिहितो, कारण या विषयात मुलग्यांविषयी कमी बोलले जाते आणि बापांनी तर मौनच धरलेले असते. माझ्या मुलाला जन्मतः मूत्रमार्गात झडप होती. ती काढली, पण तोवर मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. त्याची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे तिचे प्रमाण फार असते आणि तासातासाला जावे लागते. रात्री नळी लावून पिशवी जोडतो. तो आता सोळा वर्षांचा आहे.

आठवीत एका तासाला त्याला बाहेर जाऊ दिले नाही आणि जे व्हायचे ते वर्गात झाले. मी तावातावाने शाळेत गेलो, शिक्षककक्षात सर्वांसमोर त्याचा आजार, नळी, पिशवी सगळे सांगितले आणि फाईल टेबलावर टाकली. शाळा वरमली, परवानगीचे कार्डही मिळाले. मी विजयी मुद्रेने घरी आलो. मुलगा दोन महिने माझ्याशी बोलला नाही. ज्या गोष्टीसाठी त्याने सात वर्षे जिवाचा आटापिटा केला होता, ती मी चहाच्या कपांमध्ये वाटून टाकली होती. पुढे एका क्रीडाशिक्षकांनी मैदानावर दयेने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा त्याने खेळणेही सोडले.

म्हणून शाळेत कोणाला सांगावे, हा तुमचा प्रश्न तुमच्यापुरता नाही, तो तिचा आहे. तिने नाव निवडावे, वाक्यही तिनेच ठरवावे. मात्र कडीसाठी तिच्या परवानगीची वाट पाहू नका. ती कडी सगळ्यांच्याच दाराची आहे, उद्याच जाऊन बसवून घ्या.

—

सांजवारा | १४ जुलै, सकाळी ९:३०

बाबांशी सहमत, फक्त एक पुरवणी. पूर्ण गुपितही नको. मी अकरावीत एका मैत्रिणीला सांगितले आणि त्यानंतर ‘आम्ही दोघी जाऊन येतो’ या एका वाक्याने माझे अर्धे ओझे उतरले. मुली जोडीने स्वच्छतागृहात जातात, त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

—

अंतरंग_नाशिक | १५ जुलै, रात्री ९:१०

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. न पाहिलेल्या मुलीचे निदान करणार नाही, पण तुमच्या लेखनात तीन गोष्टी मला ठळक दिसल्या: आवडीचे काम सुटणे, लोकांतून अंग काढून घेणे आणि हे सगळे काही आठवडे सलग टिकणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालू असेल, तर ‘वय आहे’ म्हणून सोडून देऊ नये. झोप आणि भूक बदलली आहे का, चिडचिड वाढली आहे का, हेही पाहा. किशोरवयात नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसते.

‘मी नसते तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही ती बोलली असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर तिला सरळ विचारा, ‘जगू नये असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खरा नाही, बहुतेक मुलांना कोणीतरी विचारल्याने सुटल्यासारखे होते. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता, आणि तुमचा दप्तराचा परिच्छेद वाचून तो लावावा असेच मी म्हणेन.

आता एक गोष्ट, जी पालकांना सहसा सांगितली जात नाही. स्पायना बायफिडासोबत डोक्यात पाणी साठण्याचा त्रास झालेल्या बऱ्याच मुलांना हुशारी असूनही कामांची आखणी करणे, वेळेचे भान ठेवणे आणि हातातले काम सोडून दुसऱ्याकडे वळणे जड जाते. मेंदूच्या घडणीशी याचा संबंध आहे. नळी विसरणे म्हणजे दर वेळी बंड नसते, कधी ते खरोखरच विसरणे असते, आणि ‘लक्षात कसे राहत नाही?’ हा प्रश्न ऐकून ऐकून मूल स्वतःला नालायक ठरवते. मनगटावर नुसते थरथरणारे, आवाज न करणारे घड्याळ मिळते. तिचे वाक्य लक्षात घेता घड्याळ हा शब्द मात्र जपून वापरा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा की पहिली दहा-पंधरा मिनिटे तिला एकटीला भेटा. बाह्यरुग्ण विभागात मी नेहमी पाहते, डॉक्टर मुलीकडे बघून ‘काय म्हणतेस?’ विचारतात आणि उत्तर आई देते. गळती, पाळी, शरीराविषयीची शरम, मुलांविषयीचे आकर्षण यांतले काहीही आईसमोर बाहेर येत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुचवली तर घाबरू नका, पण मूत्राशयाच्या औषधांची चिठ्ठी त्यांना अवश्य दाखवा, कारण नैराश्यावरची काही जुनी औषधे लघवी अडवतात आणि कोरड व बद्धकोष्ठात भर घालतात. त्यांना माहीत असले की ते दुसरे औषध निवडतात. लगेच मोठ्या शहरात जाणे शक्य नसेल, तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते. तेथील समुपदेशकाला या आजाराचे बारकावे माहीत नसले तरी ऐकून घेण्याची सवय असते, सुरुवातीला तेवढे पुष्कळ आहे.

शाळेने कडीबाबत टाळाटाळ केली तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगा. इमारत व सोयी वापरण्याजोग्या ठेवणे आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणे, हे त्यात शिक्षणसंस्थांचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. बहुतेक ठिकाणी कायदा काढावा लागत नाही, सुतार पुरतो.

—

कृष्णाकाठ | ९ ऑगस्ट, रात्री १०:५५

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. कडी मी १४ तारखेलाच बसवून घेतली, मुख्याध्यापिकांना फक्त ‘दार लागत नाही’ एवढेच सांगितले. मुंबईला जाऊन आलो. वॉर्ड_सात, तुमची शंका रास्त निघाली: वेळेवर नळी घातली तरी मार्चपासून गळत होते, आणि त्यामुळेच तिने ‘घालून तरी काय उपयोग’ म्हणून शाळेत सोडून दिले होते. हे तिने डॉक्टरांना सांगितले, मला नाही. मी पस्तीस मिनिटे बाहेरच्या बाकावर लसीकरणाचा तक्ता वाचत होते. एमआरआय आणि मूत्राशयाच्या दाबाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. समुपदेशनाच्या दोन बैठका झाल्या आहेत. तेथे काय बोलणे होते ते मी विचारत नाही, आणि हे मला फार कठीण जाते.

मी तिला दप्तराचे सांगून टाकले. ती म्हणाली, ‘मला माहीत होतं. तू चेन नेहमी पूर्ण लावायचीस, मी अर्धी ठेवते.’ आता ठरले आहे की मी विचारायचे नाही, आणि रविवारी रात्री ती स्वतः सांगेल. पहिल्या रविवारी तिने सांगितले, दुसऱ्या रविवारी विसरली, तिसऱ्या रविवारी पुन्हा सांगितले. बाटली अजून अर्धीच रिकामी होते.

हा धागा मी तिला वाचायला दिला. सांजवारा, तिने तुमच्यासाठी एक प्रश्न दिला आहे, तिच्याच शब्दांत लिहिते: ‘ताई, आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीचे जातो. गाडी हलते, संडासात बसवत नाही आणि तिथलं पाणी मला नळीला लावायचं नसतं. तुम्ही काय करता?’

—

सांजवारा | १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

तिला सांगा, गाडीत नळी धुवायचीच नाही. जितक्या वेळा लागणार तितक्या धुतलेल्या, कोरड्या नळ्या वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत घरून न्यायच्या आणि वापरलेली वेगळ्या पिशवीत टाकून घरी आणायची. हातांसाठी साबणाचा कागद आणि पाण्याची छोटी बाटली. नळीच्या टोकाला लघवीची पिशवी जोडली की बसावे लागत नाही, दाराला पाठ टेकवून उभ्यानेही होते, मग पिशवी तिथेच रिकामी करायची. कराडला गाडीत चढण्याआधी एकदा आणि मुंबईला उतरण्याआधी एकदा, मध्ये एकच वेळ येते. पुणे स्टेशनवर गाडी थांबते तेव्हा हलत नाही, पण तेव्हाच सगळा डबा रांगेत असतो, म्हणून मी तो नाद सोडला. आणि चष्म्याची केस हवी असेल तर माझ्याकडे दोन आहेत, एक मरून आणि एक ठिपक्यांची. कोणती हवी ते तिने स्वतः कळवावे.